मध, मेण आणि गाठींचा साचा

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास घरीं आला. बोईसरच्या एका कारखान्यांत तो यंत्रांची देखभाल करतो. कांहीं नवीं यंत्रें पाहण्याकरितां कारखान्यानें त्याला ऑस्ट्रिया देशांत पाठविलें होतें. परदेशाहून परतलेले विद्यार्थी बहुधा चॉकलेटचा डबा घेऊन येतात. मास्तरांना मधुमेह आहे ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं, आणि डबा शेवटीं नातवंडांच्या हातीं पडतो. ह्यानें मात्र कागदांत गुंडाळलेल्या दोन वस्तु माझ्या टेबलावर काढून ठेवल्या. एक होती पत्त्यांतील बदामाच्या आकाराची, लालभडक रंगाची, तळहाताएवढी जाड पोळी. तिच्या कडेनें पांढऱ्या साखरेची वेलबुट्टी काढलेली, मधोमध रुपयाएवढा आरसा बसविलेला, आणि वर गळ्यांत अडकविण्यासाठीं फीत. दुसरी वस्तु म्हणजे एक मेणबत्ती. ती पिवळसर होती, किंचित् वांकडी होती, आणि न पेटवितांही तिला मधाचा वास येत होता.

"गुरुजी, ह्या दोन्ही वस्तु एकाच घरांत, एकाच धंद्यांत होतात," तो म्हणाला.

मला प्रथम तें खरें वाटलें नाहीं. आपल्याकडे हलवाई मेणबत्त्या करीत नाहीं, आणि मेणबत्त्या करणारा जिलबी तळीत नाहीं. परंतु त्यानें जी हकीकत सांगितली, आणि तीवरून मीं पुढें जें वाचून काढलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. त्यांत माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचीही कथा आहे. ती ओघानें येईल.

ऑस्ट्रियाच्या दक्षिण सरहद्दीला लागून स्लोव्हेनिया नांवाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. त्याच्या उत्तर भागांत स्लोवेन ग्रादेत्स हें गांव. तेथें पेर्गेर नांवाच्या घराण्याची मधाच्या रोट्यांची आणि मेणबत्त्यांची पेढी आहे, आणि ती इ. स. १७५७ पासूनची आहे. आपल्याकडील मुलें हें वर्ष प्लासीच्या लढाईचें म्हणून पाठ करतात. आमच्या भागापुरतें बोलावयाचें तर, चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत तारापूर आणि वसई हे किल्ले पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले त्याला तेव्हां अठराच वर्षें झालीं होतीं. इतक्या जुन्या काळापासूनचा तो धंदा त्या घराण्यानें चालू ठेवला आहे, आणि कामाचीं जुनीं हत्यारें, साचे व भांडीं जपून त्यांचें एक छोटें संग्रहालयही केलें आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारींचें नव्हे, चित्रांचें नव्हे. रोटीचें आणि मेणबत्तीचें!

ह्या रोटीला इंग्रजींत जिंजरब्रेड म्हणतात, म्हणजे आल्याची रोटी. पण नांवानें फसूं नये. तींत आलें किंवा सुंठ कधीं असते, कधीं नसते. दालचिनी आणि लवंग मात्र बहुधा असते, आणि खरा जिन्नस म्हणजे मध. पीठ मधांत मळून तें पुष्कळ दिवस मुरत ठेवावयाचें, मग साच्यांत दाबून भाजावयाचें, अशी जुनी पद्धति. मध असल्यामुळें ही रोटी महिनोन् महिने टिकते. जातां जातां एक गंमत सांगतों. 'जिंजर' हा शब्द आपल्या संस्कृतांतील 'शृंगवेर' ह्या शब्दापासून ग्रीक आणि लॅटिन भाषांच्या वाटेनें तिकडे गेलेला आहे. सुंठही आपल्याच समुद्रांतून गेली. तेव्हां त्या लाल बदामाशीं आपलें अगदींच नातें नाहीं, असें म्हणतां यावयाचें नाहीं.

आतां, रोटी आणि मेणबत्ती एका घरांत कां आल्या? उत्तर मधमाशीच्या पोळ्यांत आहे. पोळें पिळलें कीं मध निघतो, आणि मागें उरतें तें मेण. जो मध विकत घेई त्याला पोळ्यासकट घ्यावा लागे, आणि पोळ्यासकट घेतला कीं मेण आपोआप पदरीं पडे. मधाची रोटी झाली, मेणाची बत्ती झाली, आणि पोळें धुतलेल्या गोड पाण्याचें मद्यही तोच कारागीर करी. कांहीं म्हणून फुकट जात नसे. मेण तर फुकट घालविण्याजोगें नव्हेच. एक किलो मेण तयार करण्यास माशांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा मधपाळांचा हिशेब आहे.

आपल्याकडे ही जोडी जमली नाहीं ह्याचें कारण मीं पुष्कळ दिवस मनाशीं घोळविलें. मला तें असें दिसतें. आपली गोडी उंसांतून येते आणि आपला उजेड तिळांतून, करडईंतून, एरंडांतून. गुऱ्हाळ वेगळें, तेल्याचा घाणा वेगळा. त्यामुळें मध आपल्याकडे औषधाच्या बाटलींत आणि देवाच्या पंचामृतांत राहिला. लहानपणीं जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतून आग्या मोहोळाचा मध घेऊन माणसें बाजारास येत, तेव्हां आई छटाकभर घेई आणि फडताळांत अगदीं वरच्या फळीवर ठेवी. मेणाचा गोळा चांभार घेई, दोऱ्याला ओढण्यासाठीं. युरोपच्या त्या थंड भागांत मात्र ऊंस नाहीं आणि आपल्यासारखे तेलाचे घाणेही नाहींत. गरीब लोक चरबीचे धुरकट दिवे लावीत. ख्रिस्ती देवळांत मात्र मधमाशीच्या शुद्ध मेणाचीच बत्ती लागे. म्हणजे तिकडे मधमाशी हेंच गुऱ्हाळ आणि मधमाशी हाच घाणा! ह्या एका प्राण्यावर एका गांवाचा सण आणि देऊळ, दोन्ही अवलंबून असत.

मेणबत्तीचें काम ऐकावयास सोपें वाटतें, पण तसें तें नाहीं. आपण हल्लीं वापरतों ती पॅराफिनची बत्ती साच्यांत ओतून होते. आमच्याकडे महिलांचे बचत गट ती घरच्या घरीं करतात. मधमाशीचें मेण मात्र साच्यांत ओतलें तर त्याला चिकटून बसतें आणि थंड होतांना आकसतें. म्हणून जुना कारागीर वर एक आडवें चाक टांगी, त्याच्या कडेला सुताच्या वाती लोंबत सोडी, खालीं वितळलेल्या मेणाची कढई ठेवी, आणि चाक फिरवीत प्रत्येक वातीवर पळीनें मेण ओतीत जाई. एक थर वाळला कीं दुसरा, दुसरा वाळला कीं तिसरा. मग ओल्या पाटावर लाटून ती सरळ करावयाची. मेण पांढरें हवें असेल तर त्याच्या पातळ फिती करून त्या कित्येक दिवस उन्हांत वाळवावयाच्या. माझ्या टेबलावरची मेणबत्ती वांकडी कां होती, हें मला येथें समजलें. ती कोणाच्या तरी तळहाताखालीं लाटली गेली होती.

आणखी एक गोष्ट मला फार मनोवेधक वाटली. रोटीचे साचे लाकडाचे असत आणि त्यांवर घोडेस्वार, पाळण्यांतलें बाळ, बदाम, फुलें अशीं चित्रें उलटीं कोरलेलीं असत. त्याच साच्यांत मेण दाबून कारागीर नवसाच्या मेणाच्या आकृतीही काढीत. नवसाचें मेण म्हटल्यावर मला लगेच वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा आठवली. ८ सप्टेंबरच्या सुमारास ती भरते. आमच्या जिल्ह्यांतून, विशेषतः वसईकडून, पुष्कळ माणसें तेथें जातात. त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. वाटेवरच्या दुकानांत मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचें बाळ, मेणाचें घर मांडलेलें असतें. ज्याचा हात दुखतो तो हात वाहतो, ज्याला घर हवें तो घर वाहतो. तेथें उभा असतांना मला कधीं वाटलें नव्हतें कीं हा धागा हजारों मैल दूर एका रोटीवाल्याच्या भट्टीपर्यंत जाऊन पोंचतो.

ह्या धंद्यावर संकट आलें तेंही दोन्ही बाजूंनीं, आणि जवळजवळ एकाच वेळीं आलें. १७४७ सालीं बर्लिनमध्यें मार्गग्राफ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें बीट कंदांत साखर असल्याचें दाखविलें; एकोणिसाव्या शतकांत बीटाच्या साखरेचे कारखाने निघाले आणि मध महाग वाटूं लागला. १८२५ सालीं फ्रान्सांत शेव्रल ह्यानें चरबीपासून स्टिअरिन काढून त्याच्या मेणबत्त्या करण्याचें पेटंट घेतलें. पुढें खनिज तेलापासून पॅराफिन आलें, आणि शेवटीं विजेचा दिवा. गोडीही गेली आणि उजेडही गेला. अशा स्थितींत ते कारागीर टिकले कसे? त्यांची रोटी खाण्याचा पदार्थ राहिली नाहीं, ती देण्याची वस्तु झाली. जत्रेंत तरुणानें तरुणीला द्यावी, लग्नांत पाहुण्यांना वाटावी, नाताळांत झाडाला टांगावी. आरसा त्यासाठींच, जिला ती रोटी मिळते तिला तींत आपलेंच तोंड दिसावें. शेजारच्या क्रोएशियांतील ही कला २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत घातली. स्लोव्हेनियांतच रादोव्ल्यित्सा गांवीं १७६६ पासूनच्या एका खानावळीच्या तळघरांत असेंच एक रोटीचें संग्रहालय आहे. तेथें पाहुण्यांच्या देखत रोट्या करतात आणि त्यांवर नक्षी काढतात. संग्रहालय म्हणजे मोठी इमारत, संगमरवरी जिना आणि गणवेषांतला पहारेकरी अशी माझी समजूत होती. हें तर नुसतें तळघर!

ज्या दिवशीं विद्यार्थी आला त्याच संध्याकाळीं वाऱ्यानें कोठें तरी तारा तुटल्या आणि दिवे गेले. आमच्या परिसरांतील तारापूरच्या अणुवीजकेंद्रांतून १९६९ पासून वीज निघते, पण पावसाळ्यांत आमच्या देव्हाऱ्याजवळ मेणबत्तीची जागा ठरलेलीच आहे. मीं ती वांकडी मेणबत्ती लावली. तो लाल बदाम शेजारींच होता. उजेड बाजूनें पडल्यामुळें त्यावरची नक्षी उठून दिसूं लागली, आणि फीत टेबलावरून खालीं लोंबत होती. नात म्हणाली, "आजोबा, ही गाठी आहे का?"

श्रोतेहो, मुलीनें अजाणतां जें बोललें तें मला एवढें वाचूनही सुचलें नव्हतें. पाडव्याला गुढीवर कडुनिंबाच्या डहाळीबरोबर जी साखरेची माळ आपण घालतों, होळीला जी मुलांच्या गळ्यांत घालतों, ती गाठी ह्या बदामाची सख्खी बहीण आहे. तीही लाकडी साच्यांतून निघते. तिच्यावरही फुलें असतात. तीही गळ्यांत घालावयाची, मिरवावयाची, आणि मग हळूच एका टोंकानें चोखावयाची.

पालघरच्या बाजारांत आमच्या लहानपणीं एक हलवाई गाठी करीत असत. आम्ही त्यांना काका म्हणत असूं. महाशिवरात्र झाली कीं त्यांच्या दुकानाच्या मागच्या पडवींत भट्टी पेटे. आम्ही मुलें शाळा सुटली कीं पडवीच्या उंबऱ्यावर जाऊन बसत असूं. साखरेचा पाक उकळत असतांना काका त्यांत थोडें दूध घालीत. वर मळी येई, ती झाऱ्यानें काढून टाकीत. साचे सागाचे, पाण्यांत भिजवून ठेवलेले. साच्याच्या मधून दोरा ताणावयाचा आणि वरून पाक ओतावयाचा. थोड्याच वेळांत तो पांढरा होऊन घट्ट होई. मग काका साच्याला हलकेच एक टपली मारीत, आणि दोऱ्याला धरून सबंध माळ उचलीत. त्या टपलींत सर्व कसब होतें. जोरानें मारली तर गाठी फुटे, हळू मारली तर सुटत नसे. फुटलेले तुकडे आमचे. त्यामुळें काकांची टपली चुकावी अशीच आमची प्रार्थना असे.

पुढें मी शिक्षक झालों. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, मग अध्यापनाची पदविका, आणि आयुष्यभर प्राथमिक शाळा. त्या नोकरींत १५-२० वर्षें झालीं असतील, एके दिवशीं काका शाळेंत आले. खांद्यावर गोणपाट होतें. तें त्यांनीं वर्गाच्या दारांत उतरविलें. आंत चाळीसएक साचे होते. कांहीं त्यांच्या आजोबांच्या वेळचे. मुलगा बोईसरला कंपनींत लागला होता, काकांचे हात कांपूं लागले होते, आणि तयार गाठी बाहेरगांवाहून स्वस्त येऊं लागल्या होत्या.

"गुरुजी, शाळेंत ठेवा हे. पोरांना दाखवायला होतील."

आमच्या शाळेंत तेव्हां एकच कपाट होतें. त्यांत हजेरीपटांचीं बाडें, फाटके नकाशे आणि एक मोडका पृथ्वीगोल होता. आठ दिवसांनीं तपासणी व्हावयाची होती. मीं म्हटलें, "काका, पुढच्या वर्षीं नवें कपाट येणार आहे. तेव्हां आणा." काकांनीं गोणपाट पुन्हां खांद्यावर घेतलें. मीं त्यांना पाणीसुद्धां विचारलें नाहीं, हें मला रात्रीं आठवलें.

नवें कपाट पुढच्या वर्षीं खरोखरच आलें. मी बाजारांत जाऊन काकांना विचारलें. ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. "जळाले," ते म्हणाले. "पावसांत सरपण ओलं होतं. साग होता, बरा जळाला." त्यांच्या बोलण्यांत राग मुळींच नव्हता. राग असता तर बरें झालें असतें.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं मुलांची सहल घेऊन मी पुण्यास गेलों. तेथें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें. आपल्यांपैकीं पुष्कळांनीं तें पाहिलें असेल. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहीत. १९२० च्या सुमारापासून त्यांनीं घरोघर, खेडोपाडीं हिंडून जुन्या वस्तु जमविल्या, आणि अकालीं वारलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव त्या संग्रहाला दिलें. तेथें मुकुट-सिंहासनें शोधावयास गेलें तर निराशाच व्हावयाची. दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकघरांतलीं साधनें आहेत. घराघरांतून मोडींत जाणाऱ्या वस्तु. मुलें पुढच्या दालनांत गेलीं आणि मी त्या स्वयंपाकघराच्या वस्तूंपुढें बराच वेळ उभा राहिलों. एक माणूस आयुष्यभर अशा वस्तु मागत दारोदार फिरला. माझ्या तर दारांत आणून ठेवल्या होत्या.

मेणबत्ती अर्धी जळाल्यावर दिवे आले. दुसऱ्या दिवशीं त्या लाल बदामाला मुंग्या लागल्या, तो मीं काचेच्या बरणींत घातला; तो अद्याप तेथें आहे. त्या दिवशीं मी काकांच्या घरीं गेलों. काका आतां नाहींत. त्यांचा मुलगा कंपनींतून निवृत्तीला आला आहे. मीं भीत भीत विचारलें. तो म्हणाला, "एक असेल. आई माठाखालीं ठेवते."

होता. पाण्यानें काळा पडलेला, हातभर लांब, सात फुलांचा साचा. एका टोंकाच्या फुलाची पाकळी तुटलेली. मीं तो मागितला नाहीं. मीं एवढेंच विचारलें कीं येत्या पाडव्याला आपण तो वापरून पाहूं या काय?

पाडव्याच्या आदल्या आठवड्यांत आम्ही बसलों. शेगडी, कढई, साखर, दूध सगळें होतें. पाकही बरा झाला. पण माळ साच्यांतून सुटेना. मुलानें टपली मारली, मीं मारली, सुरीचें टोंक घातलें. शेवटीं साखरेचा चुरा निघाला. काकांचा हात आम्हां दोघांनाही शेकडों वेळां पाहून पाठ होता, आणि तरी आमच्या हातांत तो नव्हता. आंतल्या खोलींत काकू बाजेवर पडल्या होत्या. त्यांना दिसत नाहीं फारसें. त्यांनीं तेथूनच विचारलें, "साचा कधी भिजवलास?"

"सकाळी, आई."

"रात्रभर भिजवायचा असतो. लाकूड तहानेलं असलं की साखर सोडत नाही."

हें कोणत्याही पुस्तकांत मला सांपडलें नसतें, आणि साचा काचेच्या कपाटांत ठेवला असता तर त्याखालीं चिकटविलेल्या चिठ्ठींतही लिहिलेलें नसतें. दुसऱ्या दिवशीं माळ निघाली. पहिली काकूंच्या हातांत दिली. त्यांनीं एकेका फुलावरून बोट फिरवीत नेलें, शेवटच्या फुलाशीं थांबल्या, आणि म्हणाल्या, "हा माझ्या सासऱ्यांचा. ती पाकळी तेव्हापासूनच तुटलेली आहे."

आमच्या भागांतील घोलवड हें गांव आतां शासनाच्या योजनेंत 'मधाचें गांव' म्हणून निवडलें गेलें आहे. तेथें मधाबरोबर मेणही निघेल. तें मेण कोणी काय करतो हें पाहावयास मी एकदां जाणार आहें, आणि माझ्या विद्यार्थ्याला बरोबर नेणार आहें. तें वातीचें चाक त्यानें जवळून पाहिलें आहे, आणि तसें एक आपण करूं शकूं असें तो म्हणतो. साचा काकूंच्याच घरीं आहे. माठाखालीं आतां वीट ठेवली आहे. यंदाच्या पाडव्याला आमच्या आळींत ज्या अकरा गुढ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकीं चार गुढ्यांवरच्या गाठींत शेवटच्या फुलाला एक पाकळी कमी होती.